रोपांकडे पाठ करून

३ मार्च. सकाळी ११.१०. अंधारखोली.

नवी वही, नवा संकल्प. आठ वर्षं गप्प बसलो, आता बास.

संकल्प एकच. साडूला सेमिनारमध्ये, सगळ्या विभागासमोर, उभ्या उभ्या सोलायचा. सेमिनार १९ जूनला. साडेतीन महिने हातात आहेत. घाईचं काम नाही, सूड कसा सावकाश शिजला पाहिजे.

वही इथेच लिहायची. घरी लिहिली तर बायको वाचणार. बायकोने वाचलं की तासाभरात तिच्या धाकट्या बहिणीला कळणार, आणि धाकट्या बहिणीचा नवरा म्हणजेच साडू. लॅबमधल्या टेबलावर लिहावी तर माझी पीएचडीची विद्यार्थिनी (मी मनातल्या मनात तिला ढापणी म्हणतो) खांद्यावरून डोकावते. अंधारखोलीबाहेर लाल बल्ब लागला की मात्र विभागप्रमुख मॅडमसुद्धा दार उघडत नाहीत. रोपं ट्रेमध्ये मांडली की त्यांना चाळीस मिनिटं गडद अंधारात विसावू द्यायचं, मग वाटायची, हा नियम. ती चाळीस मिनिटं माझी.

आत रोपं मांडण्यापुरता मंद लाल दिवा असतो, त्यात अक्षर लागत नाही. म्हणून वहीला चिमट्याने लावायचा एक छोटा दिवा आणलाय. साडूनेच माझ्या पन्नाशीला दिला होता. त्याच्याच दिव्यात बसून त्याचा काटा काढायचा! दिव्याचं तोंड वहीकडे, माझी पाठ रोपांकडे. प्रश्न मिटला.

बंद ११.३१. (सुरू आणि बंद दोन्ही वेळा लिहिणं ही लॅबची शिस्त. ती माझ्याकडे आहे.)

५ मार्च. ११.०५. अंधारखोली.

मुद्दा नीट लिहून ठेवतो. पुढे राग थंड पडला तर गरम करायला उपयोगी येईल.

कोवळ्या रोपात एक प्रोटीन असतं. पेशीभोवती जे पातळ मेंब्रेन असतं, त्याला ते आतल्या बाजूने चिकटून बसतं. निळा उजेड पडला की ते सुटून पेशीत शिरतं. मग मेंब्रेनमधली दारं हलतात, क्षार आत-बाहेर होतात आणि शेवटी रोप उजेडाकडे वळतं. हे सगळं साडू आज जगभर सांगत फिरतो. जगभर म्हणजे तीन ठिकाणी.

पण सुचलं कोणाला? मला! आठ वर्षांपूर्वी, त्याच्याच घरी जेवताना. ताटाच्या कडेला वाटाणे चिकटवून दाखवलं होतं मी. ही कड म्हणजे मेंब्रेन, हे वाटाणे म्हणजे प्रोटीन, उजेड पडला की हे असे घरंगळत असणार. साडू 'हो का' म्हणाला आणि वाटाणे खाऊन टाकले. तीन वर्षांनी पेपर आला. त्यात नाव त्याचं. शेवटी आभारात 'कुटुंबातील चर्चांबद्दल' अशी एक ओळ. कुटुंबात तर त्याची सासूपण येते!

पेपरनंतर त्याला वरच्या मजल्यावर खिडकीची खोली मिळाली. मला जिन्याखालची.

बंद ११.२३.

९ मार्च. ११.१५. अंधारखोली.

मॅडमनी आता या चालू कामाचाच मोठा पेपर करायचं ठरवलंय. उजेडातले नमुने साडू करणार, अंधारातले मी. दोघांची नावं शेजारी शेजारी, बरोबरीने. माझ्या निवृत्तीआधी माझं नाव असलेला हा बहुधा शेवटचा मोठा पेपर, हे मॅडमनी फार गोड आवाजात सांगितलं.

अंधाराचं काम मलाच का? कोणी ठरवलं? साडू म्हणाला म्हणे, साडूभाऊंचा हात स्थिर आहे, अंधारात तेच करू शकतील. कौतुक करून माणसाला खड्ड्यात ढकलायची ही त्याची जुनी पद्धत.

बंद ११.२९.

१६ मार्च. ११.००. अंधारखोली.

पेढे वाटायला हवेत. साखरसुद्धा चालेल.

पहिल्या तीन नमुन्यांचे निकाल आले. रोपं वाटून यंत्रात गरगर फिरवली की मेंब्रेन तळाशी बसतं, बाकी पाणी वर राहतं. अंधारात प्रोटीन मेंब्रेनला चिकटून असतं, असं साडू म्हणतो. म्हणजे ते तळाशी सापडायला हवं. माझ्या नमुन्यांत ते वर पाण्यात आहे! तिन्ही वेळा! अंधारातसुद्धा सुटलेलं!

याचा अर्थ उजेडाचा काही संबंधच नाही. ते आपलं आपलं सुटतं. साडूची आठ वर्षं पाण्यात, आणि त्याचं प्रोटीनही पाण्यात.

ढापणीने हळूच विचारलं, सर, आत कुठून उजेड तर जात नसेल ना? मी तिला एवढंच म्हणालो की मी अंधारखोलीत शिरलो तेव्हा तू शाळेतही शिरली नव्हतीस.

बंद ११.२६.

१७ मार्च. घरी.

(घरी लिहायचं नाही असं ठरलं होतं. पण बायको बाहेर गेलीय आणि राग ताजा आहे.)

जेवताना बायकोला सांगितलं की साडूचं दुकान बंद होणार. तिने शांतपणे पोळी मोडत विचारलं, ती कल्पना मुळात तुमची ना? हो म्हणालो. मग ती खोटी ठरवून तुम्हाला काय मिळणार?

तिला सूड या विषयाचा अभ्यास नाही. चोरलेली वस्तू परत मिळत नसेल तर ती चोराच्या हातात फुटलीच पाहिजे. एवढं सरळ आहे. ती म्हणाली, भाजी घ्या.

२ एप्रिल. ११.१०. अंधारखोली.

एक हृद्य गोष्ट लक्षात आली. उरलेल्या रोपांचे ट्रे इथेच फळीवर असतात. त्यातली सगळी रोपं माझ्या स्टुलाकडे झुकली आहेत. सगळी! एकूण एक माना माझ्याकडे.

रोज येऊन बसतो, त्यांना सवय झाली असणार. माणसाची पारख माणसांना नसते, निदान रोपांना तरी आहे. साडूच्या खोलीतली रोपं बघितली आहेत मी. सरळ ताठ, त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत.

बंद ११.२४.

१० एप्रिल. ११.०५. अंधारखोली.

ढापणी मघाशी मदतीला आत आली ती हातात घड्याळ घालून. काटे अंधारात हिरवे चमकणारे! मी तिथल्या तिथे फैलावर घेतली. म्हटलं, या रोपांना काजव्याएवढा उजेडही पुरतो, तुला विज्ञान कशाशी खातात ते माहीत आहे का? बिचारीने घड्याळ खिशात टाकलं. डोळे पुसत बाहेर गेली. कडक वागावं लागतं.

ती गेल्यावर दिवा लावला. आता शांतपणे भाषणाची सुरुवात लिहितो.

'मित्रहो, आज एका प्रोटीनबद्दल आणि एका माणसाबद्दल बोलणार आहे. दोघेही आपली जागा सोडतात.' इथे थांबायचं, पाणी प्यायचं, साडूकडे बघायचं. लोक हसतील. हसू ओसरल्यावर पुढची स्लाइड.

दिव्याचा थोडा उजेड मागे जातो खरा, पण मी मध्ये बसलोय ना. अंगाने भरलेला आहे. आणि रोपांना काय डोळे आहेत?

बंद ११.३३.

२१ एप्रिल. ११.०५. अंधारखोली.

साडू आज रजेवर. दाढ काढायला गेलाय. लिहिण्यासारखं काही नाही. करमत नाही. बंद ११.०६.

२३ एप्रिल. ११.१०. अंधारखोली.

परवाचा नमुना बिघडला. बाकी सगळ्यांत प्रोटीन वर पाण्यात, या एकातच तळाशी, मेंब्रेनला घट्ट चिकटून. यंत्राची चूक असणार, नाहीतर ढापणीची. तिला फेकून द्यायला सांगितलं. ती म्हणाली, सर, नोंद करून ठेवू का? म्हटलं, चुकांच्या नोंदी ठेवत बसलो तर पेपर कधी लिहायचा?

साडू आला. गाल सुजलाय. पंधरा दिवस तरी असाच राहो.

बंद ११.१९.

१४ मे. ११.००. अंधारखोली.

आज कहर झाला. सगळं लिहितो.

सकाळी यंत्राच्या नोंदवहीत बघतो तर आजची वेळ साडूच्या नावावर. मी मुद्दाम त्याच्या खोलीत गेलो, भांडायच्या तयारीने. शब्द पाठ करून गेलो होतो. तर तो उठून उभा राहिला, खुर्ची दिली आणि म्हणाला, साडूभाऊ, तुम्ही घ्या ती वेळ, तुमचे नमुने थांबत नाहीत, माझे थांबतील. वर म्हणाला, अंधारातले निकाल कसे येतायत? काही अडलं तर सांगा.

काही अडलं तर सांगा! मला! ज्याला मी वाटाण्यांवर शिकवलं त्याने मला म्हणावं! मी फक्त 'बघू' म्हणालो आणि परतलो. पाठ केलेले शब्द जिन्यात एकटाच म्हणून टाकले, तर मॅडम खालून येत होत्या.

भामटा. वाटाणेखाऊ. गोडबोल्या. आभारात सासूला घालणारा. खिडकीत कुंडी ठेवणारा, आणि तीही प्लास्टिकची, वनस्पतिशास्त्राच्या विभागात! माणूस उभा राहून खुर्ची देतो तेव्हा समजावं की हा कधीच आपला नव्हता. एकोणीस जूनला मी त्याला खुर्ची देणार आहे. सगळ्यांसमोर. म्हणणार आहे, बसा साडूभाऊ, हे उभ्याने सोसणार नाही.

(इथे दीड पान नुसत्या शिव्या लिहिल्या. वेळ कसा गेला कळलं नाही.)

बंद ११.३४.

५ जून. ११.०५. अंधारखोली.

सापळा पूर्ण झाला.

साडू सेमिनारमध्ये एकच म्हणू शकतो, की तुमच्या अंधारात उजेड होता. तेवढीच एक पळवाट. ती आजच बुजवली. मॅडमना लेखी दिलं की दोन्ही अंधारखोल्यांत उजेड मोजणाऱ्या डब्या बसवा, त्याच्याही आणि माझ्याही (उजेड दाखवण्याआधी त्याची रोपंही अंधारातच विसावतात). दर मिनिटाला आपोआप नोंद होते, कोणाला हात लावता येत नाही. मॅडम म्हणाल्या, इतकी पारदर्शकता हवी खरी. साडूने लगेच होकार दिला. मूर्ख.

डबी आत्ता माझ्या मागे फळीवर, रोपांच्या शेजारीच आहे. छोटीशी, निरुपद्रवी. तिच्याकडेही पाठच आहे.

बंद ११.२२.

१८ जून. ११.१०. अंधारखोली.

उद्या. डबी बसल्यापासून रोज इथे दिवा लावून भाषण घोकतोय.

ढापणीला सांगितलं की डब्यांचे आलेख थेट शेवटच्या स्लाइडवर घाल, मला दाखवायची गरज नाही, सपाट रेष काय बघायची? ती म्हणाली, सर, एकदा बघून घ्या. मी म्हटलं, आत्मविश्वास नावाची एक गोष्ट असते. या पिढीला ती माहीत नाही.

इस्त्री, दाढी, पाण्याचा ग्लास डाव्या हाताला. बसा साडूभाऊ.

बंद ११.२८.

१९ जून. घरी.

काही नाही.

२० जून. घरी. रजा टाकली आहे.

लिहूनच टाकतो.

सुरुवात उत्तम झाली. 'दोघेही आपली जागा सोडतात' याला हशा मिळाला. साडूही हसला. निकाल दाखवले. सगळे पुढे सरकून बसले. मग मी म्हणालो, आता एक शंका कोणाच्या तरी मनात असेल, आणि शेवटची स्लाइड लावायला सांगितली.

साडूच्या खोलीची रेष सपाट. माझ्या खोलीच्या रेषेला रोज एक टेंगूळ. रोज सकाळी अकराच्या सुमारास वर चढलेलं, साडेअकराच्या आत खाली उतरलेलं. दहा दिवस, दहा टेंगळं. पडद्यावर एवढी मोठी.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मॅडमनी विचारलं, आत उजेड कुठून आला? आणि माझ्या तोंडून शिस्तीच्या जोरावर निघून गेलं की माझ्याकडे नोंदी आहेत, मार्चपासूनच्या, मिनिटामिनिटाच्या.

तेवढ्यात साडू उभा राहिला. मनात म्हटलं, आला आता. तो पडद्याजवळ गेला, चष्मा कपाळावर सरकवला आणि एकच विचारलं, किती किती मिनिटं?

खुर्ची मीच घेतली.

२४ जून. टेबलावर. (अंधारखोलीत जायचं धाडस नाही.)

साडू खाली जिन्याखालच्या खोलीत आला. पहिल्यांदाच. डोकं आपटलं त्याचं, बरं वाटलं.

म्हणाला, इतक्या थोड्या उजेडाचे नमुने आजवर आम्हाला जमलेच नाहीत. तुमचा दिवा तोच, अंतर तेच, फक्त वेळ रोज वेगळी. मिनिटं मिळाली तर किती उजेडाने किती प्रोटीन सुटतं ते सरळ दिसेल. पण डब्या जूनच्या, नमुने मार्चपासूनचे. आधीची मिनिटं तुमच्या वहीतच. नाहीतर तुमचे सगळे नमुने बाद, आणि मॅडम म्हणतात, मग तुमचं नाव घालता येणार नाही.

म्हटलं, उतरवून देतो. एका कागदावर फक्त वेळा लिहून मॅडमकडे गेलो. त्यांनी कागद परत केला. उतरवलेली नोंद चालत नाही, मूळ वही लागते, जशीच्या तशी, पानं न फाडता. हे तुम्हीच दरवर्षी विद्यार्थ्यांना शिकवता, म्हणाल्या.

वेळा वर आणि खाली आहेत. मधलं सगळं साडूबद्दल आहे.

२७ जून. दुपारी.

तीन दिवस वही बॅगेत घेऊन फिरलो. शाई सांडायचा विचार केला. हरवली म्हणायचा केला. बायको म्हणाली, नाव हवंय की नको, ते ठरवा. मला नाव हवंय. लाज वाटली हे लिहिताना, पण हवंय. वाटाणे माझे होते.

आज वही साडूला देतोय. हे शेवटचं वाक्य लिहून बंद करतो. साडू, तू हे वाचत असशील तर १४ मेचं पान सोडून दे.

८ जुलै. टेबलावर.

वही आज परत आली. पाकिटात घालून, वर माझं नाव, अक्षर व्यवस्थित.

दार लावून एकेक पान तपासलं. भांडणाचा एखादा धागा सापडेल म्हणून. एखादा रागाचा शेरा, एखादं प्रश्नचिन्ह. साडूने फक्त वेळांखाली पेन्सिलने रेघ ओढली आहे आणि बाजूला मिनिटं लिहिली आहेत. २१ मिनिटं. १८. १४. २६. 'भामटा'वर काही नाही. 'वाटाणेखाऊ'वर काही नाही. दीड पान शिव्यांच्या शेवटी '३४ मिनिटं', आणि पुढे छोटी बरोबरची खूण. वजाबाकी बरोबर आहे एवढंच.

वाचलंच नाही, की वाचून सोडून दिलं, हे कळायला मार्ग नाही. दुसरं असेल तर ते मला जास्त लागेल. दोनदा विचारायला जिना चढलो आणि दोनदा उतरलो.

पाकिटात आलेखही होता. खाली उजेडाची मिनिटं, वर सुटलेलं प्रोटीन. जास्त मिनिटं तर जास्त सुटलेलं. पार ३४ पर्यंत चढत गेलेली रेष, एकही ठिपका वाकडा नाही. माझ्या सत्तावीस वर्षांच्या नोकरीत इतकी स्वच्छ रेष मला मिळाली नव्हती. साडूचा जितका राग आला तितकं प्रोटीन मेंब्रेन सोडून गेलं, असा त्याचा अर्थ होतो, पण ते पेपरात कुठेच लिहिलेलं नाही.

एक ठिपका अगदी खाली कोपऱ्यात आहे, शून्यापाशी. वहीत २१ एप्रिलचं पान काढलं. तिथे पेन्सिलने दोन ओळी आहेत, अख्ख्या वहीत तेवढ्याच. '१ मिनिट. साडूभाऊ, हा नमुना फेकू नका. खरा अंधार हाच.'

ढापणीला बोलावून विचारलं. तिने फेकलाच नव्हता. फ्रीजरमधल्या डब्यात तळाशी, चिठ्ठी लावून ठेवला होता. चिठ्ठीवर लिहिलं होतं : सरांना नंतर लागेल.

१५ जुलै. ११.०५. अंधारखोलीबाहेर, बाकावर.

लाल बल्ब लागलाय. रोपं आत एकटीच विसावली आहेत. दिवा घरी ठेवला. आत ट्रे मांडताना पाहिलं, नवी रोपं सगळी सरळ उभी होती, एकही माझ्याकडे झुकलेलं नव्हतं.

पेपर गेला. नावं शेजारी शेजारी, बरोबरीने. आठ वर्षांपूर्वी मी म्हणालो होतो तसंच निघालं. अगदी वाटाण्यांसारखं. सिद्धही मीच केलं. हे कोणाला सांगावं कळत नाही, कारण कसं सिद्ध केलं तेही मग सांगावं लागतं.

साडू आजपासून पंधरा दिवस परगावी. आमचा आलेख दाखवायला. जाताना खिडकीच्या खोलीची किल्ली माझ्याकडे देऊन गेला, म्हणाला, बसा तिथे, उजेड चांगला येतो. याचा सूड घ्यायलाच हवा. आल्यावर बघतो.

लिहिण्यासारखं काही नाही. करमत नाही. बंद ११.०६.